तिच्या बोटांचा निर्णय मी घेतला

हे मी मुख्यतः पुरुषांसाठी लिहितो आहे. ज्यांची बायको आजारी आहे आणि जे दवाखान्याची फाईल स्वतःच्या काखेत धरून फिरतात, त्यांच्यासाठी. लोक तुम्हाला म्हणत असतील, किती करतो हा माणूस बायकोचं. मलाही म्हणत होते. ऐकायला बरं वाटतं. मी त्या बरं वाटण्यात एक असं काम करून बसलो, की त्याची माफी मागायलाही मला तोंड नाही. तेच सांगायचं आहे.

रिसोडला आमचं बांगड्यांचं दुकान आहे. आम्ही मणियार. दुकानाच्या पाटीवर नाव माझं असलं तरी धंदा माझ्या बायकोचा, शहनाजचा. लग्न होऊन आली तशी ती माझ्या आईबरोबर टोपली घेऊन खेड्यांत फिरायला लागली, आई गेल्यावर एकटी फिरली. शिरपूर जैन आणि त्याच्या आसपासची खेडी ही तिची गावं. आमच्यात गावं वाटलेली असतात. एका मणियारणीच्या गावात दुसरी टोपली उतरवत नाही.

शहनाजने बाईचा हात हातात घेतला, की तिला माप कळायचं. अंगठ्याखालचं हाड आत दाबायचं, बोटं जुळवून घ्यायची आणि काच फिरवत फिरवत वर चढवायची. बाई तोपर्यंत सासूची तक्रार सांगत असते आणि तिला कळतही नाही की डझन चढली. हे सगळं बोटांच्या शेंड्यांत असतं. मला ते कधी जमलं नाही. मी माल आणतो, मांडतो, विकतो.

घरात आम्ही आमच्या हिंदीत बोलतो. पण शहनाजचं अर्धं आयुष्य खेड्यातल्या बायकांत गेल्यामुळे तिला राग आला की वऱ्हाडीच बाहेर येते. गेल्या दीड वर्षात आमच्या घरात हिंदी कमीच ऐकू आली.

निदानाचा दिवस

शहनाजचं पोट फुगायचं, जेवण जाईना. आधी ॲसिडिटीच्या गोळ्या, मग सोनोग्राफी, मग अकोल्याला ऑपरेशन. ऑपरेशननंतर दहा दिवसांनी रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरबाईंनी दोघांना आत बोलावलं. मी शहनाजला म्हणालो, "तू बाहेर बैस, आत एसी आहे, थंडी वाजेल."

हे मी प्रेमानेच म्हणालो होतो. मला तेव्हा तसंच वाटलं.

अंडाशयाचा कॅन्सर, पसरलेला. डॉक्टरबाई समजावून सांगत होत्या आणि मला त्यांच्या टेबलावरच्या पेनाचा राग येत होता, भिंतीवरच्या हसऱ्या बाळाच्या कॅलेंडरचा राग येत होता. त्या म्हणाल्या, "त्यांना आत बोलवा, मी सांगते." मी म्हणालो, "तिला सहन होणार नाही. मी घरी नीट सांगतो."

बाहेर येऊन मी तिला सांगितलं, "गाठ होती, काढली. आता ताकदीच्या सलाईन लावायच्या."

आमच्या धंद्यात बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही. वाढली म्हणतात. लहानपणापासून माझ्या जिभेला हे वळण आहे, वाईट शब्द गिऱ्हाइकासमोर काढायचाच नाही. त्या दिवशी मी बायकोला गिऱ्हाईक केलं.

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "चला, बस चुकन."

दोन शब्द

पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी मला दोन रस्ते सांगितले. एक औषध जरा जोराचं. फायदा थोडा जास्त होऊ शकतो, पण खात्री नाही. त्याने हातापायाची बोटं बधिर होतात, काहींची पुन्हा नीट होत नाहीत. दुसऱ्यात तो त्रास कमी. मग त्यांनी विचारलं, "त्या काय काम करतात?"

मी म्हणालो, "घरीच असते."

हेच ते दोन शब्द. सव्वीस वर्षं जिच्या बोटांवर माझं घर चाललं, तिच्याबद्दल मी असं बोललो. कारण मला भीती होती की खरं सांगितलं तर डॉक्टरबाई जोराचं औषध देणार नाहीत. आणि मला ती हवी होती. बोटांसकट की बोटांशिवाय, हे मला तेव्हा महत्त्वाचं वाटलं नाही.

"त्यांना विचारून या," डॉक्टरबाई म्हणाल्या. शहनाज दहा पावलांवर बाकावर बसली होती, शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईला संत्रं सोलून देत होती. मी तिच्यासमोरून गेलो, खाली जाऊन एक चहा प्यालो, वर आलो आणि सांगितलं, "तिची तयारी आहे." सही केली. तिच्यासमोरही एक कागद आला. मी म्हणालो, सलाईनचा आहे, आणि मी बोट ठेवलं तिथे तिने नाव लिहिलं.

डॉक्टरबाईंवर मी मागे खूप चिडलो होतो, मनातल्या मनात. त्यांनी माझ्यावर विश्वास का ठेवला म्हणून. चोराने कुलूपवाल्यावर चिडावं तसं.

वॉर्ड

दर तीन आठवड्यांनी पहाटेची बस. रिसोडहून अकोल्याची बस शिरपूरला थांबते, आणि तिथे शहनाजला ओळखणाऱ्या बायका चढतात. म्हणून मी तिला खिडकीशी बसू द्यायचो नाही. शिरपूर जवळ आलं की म्हणायचो, पदर पुढे घे. लोकांच्या शंभर चौकशा नकोत, तिला त्रास होईल, असं माझं कारण. खरं म्हणजे तिच्याभोवती मला कुणीच नको होतं. ती आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच ती पूर्ण माझी झाली होती. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

वॉर्डात एक मालनबाई नावाच्या सिस्टर होत्या. शहनाजची शीर सापडायची नाही, तेव्हा त्या गरम पाण्याची पिशवी तिच्या हातावर ठेवून शिरेलाच शिव्या द्यायच्या. "कुठी पळून राह्यली वो भवाने? ये भाईर, दोन मिंटाचं काम हाये." त्यांच्या हाती सुई लागली की शहनाज डोळे मिटून पडायची. त्या बाईंची ड्युटी असली की माझा अर्धा राग उतरायचा. बाकी अर्धा नातेवाइकांसाठी लागायचा. कुणी पपईच्या पानांचा रस सांगायचं, कुणी कुठल्या दर्ग्याचं पाणी, कुणी कुठल्या वैद्याची पुडी. माझ्या थोरल्या भावाने तर विचारलं, "इतका पैसा घालतो आहेस, पण बरी होईल असं डॉक्टर लेखी देतात का?" मी त्याला दुकानाच्या पायरीवरून खाली उतरवलं.

दुसऱ्या खेपेला शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी शहनाजला विचारलं, "तुमाले कोनता कॅन्सर हाये वो?"

मी झटकन म्हणालो, "तिला कॅन्सर नाही."

शहनाजने टांगलेल्या बाटलीकडे पाहिलं, मग स्वतःच्या डोक्यावरच्या रुमालावर हात फिरवला. "नाई वो बाई," ती म्हणाली, "मले ताकदीचं सलाईन हाये. केस बी ताकदीनंच गेले."

बायका इतक्या हसल्या की एकीची सुई हलली. मालनबाई ओरडल्या. मी एकटा हसलो नाही. तिला माहीत होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. ती वाट पाहत होती की मी स्वतःहून बोलेन. मी तिच्यासाठी नारळपाणी आणायला गेलो.

बोटं

तिसऱ्या सलाईननंतर तिच्या हातून चहाचा ग्लास पडला. मग गुंडी लागेना. एक दिवस दुकानात शेजारची पोरगी आली, तर शहनाज आतून उठून आली आणि म्हणाली, "दे हात, मी भरते." पहिली बांगडी तिने अशी दाबली की दोन तुकडे झाले. तिला वाटलं चढतेय. पोरगी किंचाळली, "चाची, खून!" शहनाजच्या बोटातून रक्त वाहून पोरीच्या मनगटावर आलं होतं आणि शहनाज तिच्या हाताकडे पाहत होती, कुठे लागलं हिला म्हणून. स्वतःला लागलंय हे तिला कळलंच नव्हतं.

"मले काहून समजत नाई हे?" तिने मला विचारलं.

"कमजोरी आहे," मी म्हणालो.

त्या दिवसापासून मी तिला काचेला हात लावू दिला नाही. जखम झाली तर जंतू जातील, डॉक्टरांनी सांगितलंय. हे खरंच सांगितलं होतं. खऱ्या गोष्टीचा असा उपयोग मी आयुष्यात केला नव्हता. तिचा फोन मी माझ्याकडे ठेवला. आराम मिळावा म्हणून.

त्याच फोनवर शिरपूरच्या द्वारकाबाईंचा फोन आला. शहनाजची पंचवीस वर्षांची मैत्रीण. त्यांच्या सुषमाचं लग्न ठरलं होतं आणि सुषमाच्या हाताला पहिली बांगडी जन्मानंतर पाचवीच्या दिवशी शहनाजने घातली होती, तेव्हा लग्नाचा हिरवा चुडाही तिनेच भरायचा हे ठरलेलं होतं. मी म्हणालो, "बाई, शहनाजने धंदा सोडला. मुलीकडे गेली पुण्याला. तुम्ही दुसरी मणियारीण बघा."

आमच्या लोकांना कळेल मी काय केलं ते. जिवंत बाईची गावं मी एका वाक्यात सोडून दिली.

द्वारकाबाई

दुसरी कुणी त्या गावात टोपली उतरवेना. मणियारणी म्हणायच्या, शहनाजभाबी स्वतः सांगू दे. म्हणून द्वारकाबाई स्वतः रिसोडला आल्या, बाजाराच्या दिवशी, दुकानात. मी बाहेर गिऱ्हाइकात होतो. त्यांनी आतला पडदा सारला.

"ह्या पुण्याले गेल्या व्हत्या ना?" द्वारकाबाई माझ्याकडे वळल्या. "का पुनं पडद्यामागं आलं, भाऊ?"

शहनाज खाटेवर बसलेली. रुमाल नव्हता डोक्यावर. द्वारकाबाईंनी तिला पाहिलं आणि खालीच बसल्या. मग दोघी रडतील असं मला वाटलं. पण द्वारकाबाई म्हणाल्या, "बावा, हे काय केलं वो भाबी? तिरुपतीले जायाचं व्हतं त मले सांगतलं असतं, दोघी गेलो असतो." शहनाज इतकी हसली की तिला ठसका लागला. पाच महिन्यांत ती माझ्यासमोर तशी हसली नव्हती.

मग हसू थांबलं. "कोन म्हने पुनं?" शहनाजने विचारलं. द्वारकाबाईंनी सगळं सांगितलं. फोन, सुषमा, दुसरी मणियारीण. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. शहनाज उठून पडद्यापर्यंत आली.

"रुबीनाचे अब्बा," ती म्हणाली. रुबीना आमची मुलगी. "माहे गावं देले तुमी?"

"तुला आराम..."

"माहे गावं. माह्या पायानं केलेले. देले?"

मी गिऱ्हाइकांना म्हणालो, दुकान बंद आहे. एक बाई म्हणाली, "मंग माहे सुटे पैसे तरी द्या." मी तिच्यावरच ओरडलो.

शिरपूरचा स्टँड

पुढच्या खेपेला शहनाज माझ्याआधी डॉक्टरबाईंच्या खोलीत शिरली. खुर्चीवर बसून तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "मॅडम, हे बोटं परत येतीन का?"

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला आधीच सांगितलं होतं ना? तुमची तयारी आहे असं हे म्हणाले होते."

शहनाजने मान हलवली. हो म्हणून. डॉक्टरबाईंसमोर तिने मला उघडं पाडलं नाही. मी लिहितो आहे ते या मानेच्या हलण्यामुळे. तिने आरडाओरडा केला असता तर मीही केला असता आणि सगळं तिथेच जिरलं असतं.

त्याच दिवशी कळलं की आजार हलला नाही, उलट नव्या ठिकाणी दिसतो आहे. पुढचं औषध आहे, डॉक्टरबाई म्हणाल्या, काही महिने मिळू शकतील, त्रासही होईल. "तुम्ही ठरवा," त्या म्हणाल्या, आणि या वेळी तिच्याकडे पाहून म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. शिरपूर आलं तशी उठली.

"कुठे?"

"मी उतरून राह्यली."

शिरपूरला तिच्या वडिलांची एक खोली आहे. फिरतीचा माल ठेवायला ती वापरायची. मी म्हणालो, वेडी झालीस का, तिथे कोण करेल तुझं? औषधं? लोक काय म्हणतील? कंडक्टर म्हणाला, "भाऊ, घरचं घरी बोला, घंटी मारू का?" ती उतरली. मी उतरलो नाही. मला इतका राग आला होता की मी समोरच्या सीटची दांडी धरून बसून राहिलो. म्हटलं, दिवस मावळायच्या आत फोन करेल, या न्यायला म्हणून.

तिने फोन केला नाही. फोन माझ्याच खिशात होता.

तिसऱ्या दिवशी मी जीप घेऊन तिला आणायला गेलो. खोलीसमोरच्या ओट्यावर पंधरा-वीस बायका. सुषमाचा चुडा चालला होता. शहनाज भिंतीला टेकून बसलेली, हात मांडीवर. बांगड्या भरत होती द्वारकाबाईंची सून, कविता. शहनाज तोंडाने सांगत होती.

"अंगठा दाब. अजून दाब. तिचा मोडत नाई, तुहाच जीव थरथरून राह्यला. हां. आता फिरव. घाई कायले करतं? नवरदेव पयाला का?"

कविताच्या हातून एक पिचली. "वाढली," सगळ्या बायका एकदम म्हणाल्या. "वाढू दे," शहनाज म्हणाली, "माह्या सासूच्या हाताखाली मी तीन डझन वाढवल्या व्हत्या."

मी तिथेच उभा राहून बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. कुणब्याच्या सुनेला मणियाराची टोपली देतेस, माझ्या आईची गावं लोकांना वाटतेस, घर सोडून आलीस, असं बरंच. शेवटी मी ते म्हणालो जे मला वाटत होतं की तिला विरघळवेल. "तुझ्याशिवाय मी काय करू?"

शहनाज उठली नाही.

"ते तुमचं काम हाये," ती म्हणाली. "तुमी शिका. मी हातानं गेली, आता जीवानं जाऊन राह्यली. माह्या मरनात तुमचं काम नोका घुसवू."

मग थकलेल्या आवाजात, "दोन-चारचं माप कमी पडून राह्यलं. परवा घेऊन या. हिरवंच. आन् माहा फोन."

त्यानंतर

मी जीप रिकामी परत नेली. रस्ताभर मी तिला शिव्या दिल्या, द्वारकाबाईंना दिल्या, वर बघूनही दिल्या. तिने सांगितलेल्या दिवशी मात्र माल घेऊन गेलो आणि फोन दिला. तिथेच, ओट्यावर, बायकांसमोर मी सांगितलं की औषधाचं मला माहीत होतं आणि मी तिला विचारलं नव्हतं. द्वारकाबाईंनी तोंड फिरवलं. शहनाज म्हणाली, "मले मालूम हाये." माफ केलं असं ती म्हणाली नाही. अजूनही म्हणालेली नाही. तुम्ही हे वाचत असाल तर माफीची अपेक्षा ठेवून काही करू नका.

पुढचं औषध तिने घेतलं नाही. तो दिवस माझ्यासाठी निदानाच्या दिवसापेक्षा वाईट होता, कारण या वेळी मी दाराबाहेर होतो. ती आत एकटी गेली, बाहेर आली, आणि म्हणाली, "नाई म्हनलं." मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. मी हात मागे बांधून उभा राहिलो. त्याहून जास्त काही मला जमलं नाही. कुणी याला मोठं मन म्हटलं तर मी भांडेन त्याच्याशी. मोठं मन वगैरे काही नव्हतं, फक्त हात मागे होते.

आता शिरपूरच्याच खोलीत दुखण्याच्या गोळ्या चालू आहेत. पोटातलं पाणी काढायला जवळच्याच मालेगावला नेतो. कविता रोज येते, पाठ चोळते, आणि चार गावं फिरून आल्यावर कुणाच्या हाताला काय माप लागलं ते सांगते. शहनाज तिच्या चुका काढते. रुबीना पंधरा दिवस येऊन राहिली. तिला तिच्या आईने सगळं सांगितलं, माझ्यासमोर, आणि रुबीना माझ्याशी चार दिवस बोलली नाही. तेही मी ऐकून घेतलं.

तुम्हाला सांगण्यासारखं एकच आहे माझ्याकडे. डॉक्टरसमोरच्या खुर्चीवर जिचा आजार आहे तिला बसवा. तुम्ही मागे उभे राहा. तुमचे पाय दुखतील. दुखू द्या.

मी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी फोन करतो आणि विचारतो, "येऊ का?" बहुतेक दिवशी ती म्हणते, या. कधी म्हणते, येताना पेरू आना, मऊ. कधी फोन कविता उचलते आणि सांगते, चाची झोपली हाये.

आज तिनेच उचलला. आवाज लहान होता. म्हणाली, "आज नोका येऊ. आज मले कोनाशी बोलायचं नाई. उद्या या."

उद्या असेल का, हे तिलाही माहीत नाही आणि मलाही नाही. मला भयंकर राग आला. नऊची बस स्टँडवर लागलेली होती, मला दुकानातून दिसत होती. ती भरली, निघाली. मी गेलो नाही.